थॉर्नलीबाईंचे पाढे

माझे सासरे पद्माकरराव यांना एक खोड आहे. कुणाच्या दारावर लिंबू-मिरची, काळी बाहुली किंवा उलटी चप्पल टांगलेली दिसली की त्यांचा हात आपोआप वर जातो आणि ती वस्तू खाली येते. घरमालकाला विचारणं वगैरे भानगड नाही. तासगावच्या शाळेत त्यांनी जन्मभर गणित आणि विज्ञान शिकवलं, आणि शाळा सुटल्यावरचा सगळा वेळ भोंदूबाबांच्या मागे लागण्यात घालवला. हातातून अंगारा कसा काढतात, पेटता कापूर जिभेवर कसा ठेवतात, हे ते गावोगाव चौकात उभं राहून करून दाखवायचे. त्यापायी मारही खाल्लाय. माझ्या लग्नात भटजींना त्यांनी इतके प्रश्न विचारले की मुहूर्त टळला, आणि माझी पुण्याची आई ते अजून विसरलेली नाही.

तर हे गृहस्थ फेब्रुवारी २०२० मध्ये तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आयर्लंडमध्ये, केरी परगण्यातल्या ट्रलीला आले आणि लॉकडाऊनमध्ये अडकले. माझा नवरा ज्ञानेश इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर, तो घरी येऊन नुसता झोपायचा. मी औषधांच्या कारखान्यात क्वालिटीचं काम करते, तेव्हा मला सुट्टी नाहीच. बाबा दिवसभर एकटे. घरापासून दोन किलोमीटरच्या आत फिरायची परवानगी होती, तेवढ्यात ते माकडटोपी घालून फिरायचे आणि गायींशी मराठीत बोलायचे.

आमच्या शेजारी कोण राहतं हे मी त्यांना मुद्दामच सांगितलं नव्हतं. 'एक रिटायर्ड टीचर आहेत, इंग्लंडच्या,' एवढंच म्हणाले होते. खोटं नव्हतं ते. विनिफ्रेड थॉर्नली शिक्षिकाच होत्या, फक्त शिकवायच्या ते गूढविद्या. यॉर्कशरमधल्या हॅलिफॅक्सच्या बस कंडक्टरची मुलगी. लीड्सला टायपिस्ट होती, तिथून लंडनला गेली आणि बंद दाराआड मेणबत्त्या लावून विधी करणाऱ्या एका मंडळात शिरली. पुढे स्वतःची शाळा काढली, डझनभर पुस्तकं लिहिली, आणि भाडं स्वस्त म्हणून केरीच्या या कोपऱ्यात येऊन राहिली. इथून पोस्टाने धडे पाठवून तिने जगभर शिष्य तयार केले. सकाळी तिचं घरकाम बघायला येणारी बर्नी म्हणायची, "शी'ज ग्रँड, फक्त पौर्णिमेला तिला हाक मारायची नाही."

खरं सांगायचं तर मला ही बाई आवडत नव्हती. पुण्यातले वास्तुवाले आणि कुंडलीवाले सोडून इतक्या लांब यायचं, आणि कुंपणापलीकडे हे. पण जानेवारीत तिला पक्षाघाताचा झटका आला आणि वाचा गेली. बाकी सगळं शाबूत. चालायची, चहा करायची, बोललेलं सगळं समजायचं, फक्त तोंडातून शब्द निघत नव्हता. बोलायला शिकवणारी थेरपिस्ट लॉकडाऊन लागल्यावर घरी यायची बंद झाली. त्याऐवजी फोन करायची. ज्या बाईला बोलता येत नाही तिला फोन करून काय साधतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

एप्रिलमध्ये बाबा तिच्या फाटकावरून जात होते. फाटकाला रोवन नावाच्या झाडाच्या दोन डहाळ्यांची लाल दोऱ्याने बांधलेली फुली टांगलेली होती. असली फुली इथे दृष्ट लागू नये म्हणून बांधतात. बाबांना रोवन माहीत नव्हता, आयर्लंड माहीत नव्हतं, पण लाल दोरा बरोबर कळला. हात वर गेला. फुली शेजारच्या कचऱ्याच्या डब्यात पडली.

मी वरच्या खिडकीतून पाहत होते. विनिफ्रेड काठी टेकत दारातून बाहेर आली, तिचं तोंड रागानं लालबुंद झालं होतं, आणि त्या तोंडातून हॅलिफॅक्सच्या बस डेपोत शोभेल अशी सणसणीत शिवी बाहेर पडली. स्वच्छ, पूर्ण, एकही अक्षर न अडखळता. मग ती स्वतःच दचकली आणि तोंडावर हात ठेवून उभी राहिली.

मी धावत खाली गेले, माफी मागायला. बाबा माफीबिफी काही मागत नव्हते. ते आनंदाने डोळे बारीक करून म्हणत होते, "मॅडम, वन्स मोअर प्लीज."

"बाबा, काय चाललंय हे? त्यांची वस्तू तोडलीत तुम्ही," मी म्हणाले.

"आगं ते ऱ्हाऊ दे. तू म्हनली हुतीस ह्यास्नी बोलता येत न्हाई. मग आत्ता काय झालं? वाचा गेली न्हाई पोरी, आडकलीया. नळात गाळ आडकतो तशी."

संध्याकाळी ज्ञानेशने जेवता जेवता सांगितलं की बाबा बरोबर आहेत. शिव्या, मोजणी, गाणी ह्या गोष्टी मेंदूत वेगळ्या वाटेने येतात. म्हणून असे पेशंट कधी कधी बोलू शकत नाहीत पण गाऊ शकतात, आणि थेरपिस्टही ती वाट वापरतात. "पण बाबा, प्लीज, तुम्ही त्यात पडू नका," एवढं बोलून तो झोपायला गेला. बाबांना 'पडू नका' म्हणणं म्हणजे उडी मारा म्हणण्यासारखंच आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आमची खुर्ची आमच्या बागेच्या भिंतीजवळ नेली, आणि विनिफ्रेडला खुणेने तिची खुर्ची पलीकडे आणायला लावली. मग मांडीवर ताल धरून सुरू केलं, "बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा." तासगावच्या शाळेत पाढे म्हणतात त्याच हेलात. बाई शांतपणे ऐकत होत्या. तिसऱ्यांदा बाबा 'बे दुणे' म्हणून थांबले, आणि भिंतीपलीकडून त्याच हेलात, घोगऱ्या आवाजात आलं, "टू टूज आर फोर."

हॅलिफॅक्सच्या शाळेतही युद्धानंतरच्या काळात पोरं रांगेत बसून पाढेच घोकायची. ते सगळं तिच्या आत तसंच होतं, कुणी हाक मारली नव्हती इतकंच. मी भांडी घासत होते आणि मला रडू आलं. मला ती बाई आवडत नव्हती हे मी वर म्हटलंच आहे, तरीही.

मग रोज पाढे. पाऊस असला तर दोघं छत्र्या घेऊन बसायचे. बाबा तिला बाई म्हणायचे, आपल्याकडे शिक्षिकेला म्हणतात तसं, आणि शिकवताना जराही दया दाखवायचे नाहीत. तिचं 'तीन साती'ला नेहमी अडायचं. अडलं की बाबा बोट वर करून म्हणायचे, "फ्रॉम बिगिनिंग." आपल्याकडे पाढा अडला की मधूनच ढकलत नाहीत, पहिल्यापासून धावत यायचं आणि त्याच जोरावर अडलेलं ओलांडायचं. बाईंना याचा भयंकर राग यायचा. जगभरच्या शिष्यांना दटावणारी बाई, तिला एक माकडटोपीवाला तीन एके तीनपासून पुन्हा म्हणायला लावतोय. ती काठी आपटायची, एक दोन शिव्या द्यायची आणि पहिल्यापासून सुरू करायची. जूनपर्यंत पाढ्यांच्या चालीवर ती 'चहा दे', 'दार लाव', 'बर्नी, मीठ जास्त झालंय' असं गाऊन सांगायला लागली. चालीशिवाय मात्र एक शब्द निघत नव्हता.

आणि मग ऑगस्टअखेर बर्नीने मला एक बातमी दिली. विनिफ्रेडच्या शाळेचा दर वर्षी ३१ ऑक्टोबरला मेळा भरायचा. इथे त्या सणाला साऊन म्हणतात, त्यातूनच पुढे हॅलोविन झालं. शाळेची प्रमुख सगळ्यांसमोर उभी राहून 'द्वार उघडणी' म्हणते. आठदहा ओळी, तोंडपाठ, कुणी आठवण करून द्यायची नाही, कुणी पुटपुटायचं नाही. ज्याला ती म्हणता येत नाही तो प्रमुख राहत नाही. हा नियम विनिफ्रेडनेच केलेला, तरुणपणी, लंडनच्या त्या मंडळात आपल्याच म्हाताऱ्या गुरूला खुर्चीवरून उठवायला, आणि पुढे स्वतःच्या शाळेतही तोच चालू ठेवलेला. आता तोच नियम तिच्यावर फिरला होता. ब्रिस्टलचा तिचा पट्टशिष्य क्लाइव्ह हसतमुखाने तयार होता. यंदा मेळा झूमवर, उघडणी तो म्हणणार आणि 'आपल्या लाडक्या विनिफ्रेडना विश्रांती' मिळणार.

"त्या क्लाइव्हनं आत्ताच फुलांचा गुच्छ पाठवलाय," बर्नी म्हणाली. "मयताला पाठवतात तसला."

विनिफ्रेडने तो गुच्छ बर्नीसमोरच कंपोस्टात टाकला. मग आपलं एक पुस्तक घेऊन भिंतीपाशी आली, उघडणीचं पान उघडून बाबांपुढे धरलं आणि त्यावर बोटाने टकटक केली. मला हे शिकवा.

बाबांनी वाचलं. त्यांना इंग्रजी चांगलं वाचता येतं. चार दिशांच्या रक्षकांना आवाहन, पूर्वजांना निमंत्रण, पडदा बाजूला हो वगैरे. त्यांनी पुस्तक मिटून भिंतीवर ठेवलं आणि ते घरात निघून आले.

"ही शिक्षिका न्हाई," ते मला म्हणाले. "वृंदा, तुला ठावं हुतं?"

"होतं."

"मी जन्मभर ज्याच्या इरुद्ध बोललो त्येचाच मंतर आता मी शिकवायचा व्हय?"

पुढचे काही दिवस ते बागेत गेले नाहीत. मला वाटलं होतं मला बरं वाटेल, सुटलो एकदाचे. पण ती बाई रोज ठरल्या वेळी भिंतीपलीकडे खुर्ची टाकून बसायची आणि एकटीच भिंतीवर हाताने ताल धरायची. तीन साती अडायचं. पुन्हा पहिल्यापासून. मी कामावरून येऊन गाडी लावायची तेव्हाही ते चाललेलंच असायचं. एक दिवस माझं डोकं फिरलं. मी बूट न काढता तशीच आत गेले.

"बाबा, एक सांगा. तुम्ही बाबा-बुवांच्या सभेत जायचात, तेव्हा आधी कोण बोलायचं?"

"त्ये बोलायचे. आपन आधी समोरच्याला बोलू द्यायचं, मग खोडायचं. नियमच हुता आमचा."

"मग या बाईला नको का आधी बोलू द्यायला? का जिची बोलतीच बंद आहे तिच्याशी जिंकून तासगावला परत जायचंय?"

सुनेने सासऱ्यांशी असं बोलू नये हे मला कळतं. पण मी बोलले, आणि बरं केलं. बाबांनी खुंटीवरची माकडटोपी काढली. मग टोपी घालत म्हणाले, "तिची पूजा मला मान्य न्हाई. पर जीभ तिची हाय. त्या क्लाइव्हची न्हवं."

सप्टेंबर आणि ऑक्टोबर त्यांनी घासून घेतलं. उघडणीच्या ओळी पाढ्याच्या हेलात बसवल्या. एका बाजूला पूर्वेच्या रक्षकाला आवाहन आणि दुसऱ्या बाजूला बेचाळीस-एकोणपन्नासचा ठेका, असं ते अजब प्रकरण होतं. ऑक्टोबरच्या शेवटी पुन्हा कडक लॉकडाऊन लागला, पण या वेळी एकट्या राहणाऱ्यांना एका घराशी जोडून घ्यायची सोय होती. आम्ही विनिफ्रेडचं ते घर झालो. तेव्हा साऊनच्या दिवशी तिच्या दिवाणखान्यात मी लॅपटॉप लावत होते. विनिफ्रेड काळ्या मखमली झग्यात, बर्नीने केस विंचरून दिलेले, आणि बाबा कॅमेऱ्यात दिसणार नाहीत असे कोपऱ्यात, हाताची घट्ट घडी घालून. ठेका धरायचा नाही, मान हलवायची नाही, मदत झाली असं कुणी म्हणता कामा नये, हे त्यांनीच ठरवलं होतं.

पडद्यावर दोनेकशे चेहरे आले. सगळे उभे, त्यांच्यात उघडणी उभ्यानेच ऐकतात आणि बसा म्हटल्याशिवाय कुणी बसत नाही. क्लाइव्हची दाढी सुंदर होती, आवाज त्याहून सुंदर. तो म्हणाला की आज जड अंतःकरणाने विनिफ्रेडच्या वतीने मी... आणि तेवढ्यात विनिफ्रेडने तोंड उघडलं. कुणालाच काही ऐकू गेलं नाही. त्याने सगळ्यांचे आवाज बंद करून ठेवले होते, आणि आमच्याकडून ते उघडेना.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी चॅटमध्ये मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'विनिफ्रेड बोलत आहेत. त्यांचा आवाज सुरू करा.' क्लाइव्ह वाचून पुढे जायला लागला. मी तेच पुन्हा लिहिलं, मग पुन्हा. खाली कुणीतरी लिहिलं, 'त्यांना बोलू द्या.' मग दुसऱ्याने, मग इतक्या जणांनी की ओळी धावायला लागल्या. क्लाइव्हचं हसू जागच्या जागी राहिलं आणि आमचा आवाज सुरू झाला.

तिने पहिल्यापासून सुरुवात केली. आवाज घोगरा होता, पण हेल तासगावचा, पक्का. पूर्व झाली, दक्षिण झाली. पश्चिमेची ओळ अर्ध्यावर आली आणि अडली. ओठ हलत होते, शब्द नव्हता. मला वाटलं संपलं. बाबांनी डोळे मिटून घेतले होते, पण हात सोडले नाहीत.

"विनिफ्रेड डियर," क्लाइव्ह हळुवारपणे म्हणाला, "तुम्ही पुरेसं केलंत."

विनिफ्रेडने बोट वर केलं. बाबा करायचे अगदी तसंच. आणि तिने पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू केलं, या वेळी दुप्पट वेगाने, तिसरीतली पोरं घंटा व्हायच्या आत पाढा उरकतात त्या वेगाने. पूर्व, दक्षिण, त्याच धावेत पश्चिम, आणि पश्चिमेवरून सरळ उत्तरेवर. पूर्वज आले, पडदा सरला, शेवटची ओळ तिने इतक्या जोरात म्हटली की स्वयंपाकघरातून बर्नीने 'गुड गर्ल' म्हणून ओरडून दाद दिली. कुणाची मदत नव्हती, कागद नव्हता, आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणू नये असं नियमात कुठेच नव्हतं. क्लाइव्ह सोडून सगळे टाळ्या वाजवत होते.

मग सगळ्यांचे आवाज सुरू झाले आणि एक अमेरिकन बाई डोळे पुसत म्हणाली की ही चाल तिच्या हाडांत शिरली. ही कुठल्या प्राचीन मंदिरातली? कुठल्या परंपरेतला हा मंत्र? आम्हालाही शिकवा.

मी बाबांकडे पाहिलं आणि मला त्यांची दया आली. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. जन्मभर लोकांच्या डोक्यातून जे काढलं तेच आता त्यांच्या हातून नव्याने रुजणार होतं. उद्यापासून देशोदेशी लोक मेणबत्त्या लावून त्याच चालीवर डोलणार होते. विनिफ्रेडने नुसतं गूढ हसून गप्प बसायचं होतं. तिचा दरारा दुप्पट झाला असता, आणि पुन्हा कुणी तिला विश्रांती देऊ केली नसती.

ती हसली नाही. तिने चाल धरली नाही, हाताने ठेकाही धरला नाही. झटका आल्यापासून पहिल्यांदाच ती चालीशिवाय, शिवीशिवाय, एकेक शब्द जमिनीवर ठेवावा तसा ठेवत बोलली.

"मंत्र. नाही. गणित. शाळेतले. पाढे." पाढे हा शब्द तिने मराठीतच म्हटला. मग हात लांब करून कोपऱ्यातल्या बाबांची बाही पकडली आणि त्यांना ओढून कॅमेऱ्यासमोर आणलं. "हे. शिकवतात. माझे. मास्तर."

बाबांना गर्दीसमोर बोलायची सवय होती, पण ती विरोधातल्या गर्दीची. इथे दोनशे माणसं झगे घालून, हात जोडून त्यांच्याकडे बघत उभी होती. माकडटोपी काढावी की ठेवावी हे त्यांना सुचेना. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि चष्मा पुसायला हात मोकळा नव्हता, कारण बाईंनी बाही सोडली नव्हती. शेवटी वर्गात शिरल्यावर जन्मभर जे म्हटलं तेच त्यांच्या तोंडून आलं.

"सिट डाऊन, सिट डाऊन."

विनिफ्रेडने मान हलवली, आणि सगळे बसले. सगळ्यात शेवटी क्लाइव्हही बसला.